ट्वायला ब्रँट थांबायला शिकली

आमच्या जिल्ह्यात ट्वायला ब्रँटचा आवाज ऐकला नाही असा माणूस सापडणं कठीण. कॉटनवुड बेंडच्या गुरांच्या बाजारात दर गुरुवारी लिलाव तीच पुकारायची. आधी तिचे वडील पुकारायचे, त्यांच्यानंतर ती. लाकडी मंचावर उभी राहिली की तिच्या तोंडून आकडे असे सुटायचे, जसा कापणीच्या यंत्राच्या नळीतून गहू ट्रकमध्ये पडतो. मधे ती श्वास कधी घेते हे कुणालाच कळायचं नाही.

मग बाजाराचा मालक थकला. त्याची पोरं केव्हाच शहरात गेलेली. त्यानं जागा विकून टाकली आणि गुरं पलीकडच्या जिल्ह्यातल्या मोठ्या बाजारात जाऊ लागली. तिथं पुकारायला त्यांची त्यांची माणसं होती. ट्वायलाकडे उरले ते किरकोळ लिलाव: कुणी वारलं की त्याच्या घरातलं सामान, नाहीतर चर्चच्या मदतीसाठी घरोघरी भाजलेले केक. तेव्हा ती पन्नाशी ओलांडून गेली होती.

अशातच आमच्या कम्युनिटी कॉलेजनं जुनं सामान काढलं आणि लिलावाला ट्वायलाला बोलावलं. पार्किंगमध्ये बाकं, खडूचे फळे, संगणक मांडले होते. त्या दिवशी मीही तिथं होते, कारण आईला शिवणाच्या खोलीसाठी एक टेबल हवं होतं. सगळं भराभर खपत गेलं आणि मग आलं एक चाकांवरचं यंत्र. वर काचेची पट्टी, खाली नळ्या, कडेला लोंबणारी रबरी पिशवी.

"हे काय आहे?" ट्वायलानं माईकमधूनच विचारलं. "काय आहे ते कळल्याशिवाय मी काही विकत नाही."

गर्दीतून एक बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांच्या बाई पुढे आल्या. ग्रेटा लिंडक्विस्ट. कॉलेजात त्या रेस्पिरेटरी थेरपी शिकवायच्या, म्हणजे ज्यांना श्वास घेणं जड जातं त्यांची काळजी कशी घ्यायची ते. त्यांनी वायर लांब ओढून यंत्र चालू केलं. सुस्स... आणि रबरी पिशवी फुगली. फुस्स... आणि बसली. पुन्हा फुगली.

"माणसाला स्वतःला श्वास घेता येत नाही तेव्हा हे त्याच्यासाठी घेतं," ग्रेटा म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका हळू की सगळ्यांना जवळ सरकावं लागलं.

"आणि किती घ्यायचा ते कोण ठरवतं?"

"आम्ही ठरवतो. माणूस बघून."

"आणि माणूस मधेच खोकला तर? आणि त्याला स्वतः घ्यावासा वाटला तर?"

ट्वायला मंचावरून उतरून खाली आली. एकामागून एक प्रश्न. लिलाव थांबला तो थांबलाच. मागून कुणीतरी ओरडलं, "ट्वायला, आम्हाला जेवायला घरी जायचंय गं!" तेव्हा ती भानावर आली. यंत्राला कुणी बोली लावेना. शेवटी तिनंच पुकारलं, "पाच डॉलर! माझेच! एकवार, दोनवार, तीनवार, घेतलं!"

लोक हसत सुटले. ग्रेटा मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "एवढं कुतूहल असेल तर यंत्र कशाला नेतेस? ऑगस्टमध्ये वर्गात ये."

ट्वायलानं दोन्ही केलं.

यंत्र घरी आलं तेव्हा तिचा नवरा वर्नन ट्रॅक्टरखाली झोपून काहीतरी आवळत होता. वर्नन दुरुस्तीची कामं करायचा आणि बोलायचा अगदी क्वचित. त्यानं डोकं बाहेर काढलं, यंत्राकडे बघितलं, बायकोकडे बघितलं.

"चालतं का?" त्यानं विचारलं.

"चालतं."

"मग ठीक," म्हणून तो पुन्हा ट्रॅक्टरखाली गेला.

ऑगस्टमध्ये वर्गात माझ्या शेजारच्या खुर्चीवर ती येऊन बसली. मी केल्सी, तोवर पिझ्झाच्या दुकानात कणकेचे गोळे थापत होते. दोघी एकाच रस्त्यावरच्या, म्हणून एकाच गाडीनं जायचं ठरलं. जाताना ती बोलायची, येतानाही ती बोलायची. मला फक्त गाडी चालवायची असायची.

पहिल्या दिवशी ग्रेटांनी प्रत्येकाला एका नळीत फुंकायला लावलं, छातीत किती हवा मावते ते मोजायला. आम्ही विशी-पंचविशीतली मुलं फुंकून फुंकून लाल झालो. ट्वायला उभी राहिली, पट्टा सैल केला आणि फुंकत राहिली. फुंकतच राहिली. मागच्या बाकावरचा टायरेल नावाचा दांडगा मुलगा, शाळेत फुटबॉल खेळलेला, म्हणाला, "अगं थांब, खिडक्या फुटतील!" पडद्यावरची रेघ त्याच्या रेघेच्या वर गेली होती. त्या दिवसापासून टायरेल तिचा भक्त झाला.

अभ्यास तिला सोपा गेला असं नाही. वायूंचे नियम, रक्तातल्या आम्लाचे आकडे यांच्याशी तिची बरीच झटापट झाली. पण तिची खरी अडचण निघाली वेगळीच.

पहिल्या सत्राच्या अखेरीस तोंडी परीक्षा होती. पलंगावर ग्रेटांची एक निवृत्त मैत्रीण धाप लागलेल्या रुग्णाचं सोंग घेऊन बसायची आणि आपण तिची विचारपूस करायची. आम्ही बाकीचे काचेमागून बघत होतो.

ट्वायला आत शिरली. "नमस्कार, मी ट्वायला! कसं वाटतंय? धाप कधीपासून?"

"काल... दुपारी..." ती बाई म्हणाली आणि श्वास घ्यायला थांबली.

"काल दुपारपासून! बरं! खोकला? कफ पडतो? पिवळा की पांढरा?"

"पांढरा... पण..."

"पांढरा! छान! झोप लागते? उशा किती लागतात? दोन? दोनच असतील!"

बाईंनी तोंड उघडलं, मिटलं. नंतर त्यांनी उत्तर द्यायचं सोडूनच दिलं. मला काचेमागे हसू येत होतं आणि कसंतरीही होत होतं.

ग्रेटांनी तिला नापास केलं. कारणही सांगितलं, आमच्या सगळ्यांसमोर, पण मऊपणानं. "ट्वायला, त्या बाईंना 'पण' म्हणून पुढे सांगायचं होतं की छातीत दुखतंय. ज्याला धाप लागलीय तो दोन शब्द बोलतो आणि हवेसाठी थांबतो. त्याचं बोलणं संपलं असं तुला वाटतं. ते संपलेलं नसतं."

"मॅडम, लिलावात कुणी थांबलं की बोली संपली," ट्वायला म्हणाली.

"इथं नाही संपत."

येताना गाडीत ती एक शब्द बोलली नाही. मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मीच हवामानावर, गव्हावर, माझ्या आईच्या टेबलावर बडबडत सुटले. घरासमोर उतरताना ती म्हणाली, "केल्सी, सोडून द्यावं म्हणते. जिभेला आता कोण वळण लावणार?"

दुसऱ्या दिवशी मी तिला घ्यायला गेले तेव्हा मला वाटलं दार बंदच असेल. तर ही दारात उभी, डबा हातात, चेहऱ्यावर भलतीच चमक.

"काय झालं माहितेय?" गाडीत बसल्या बसल्या तिनं सुरुवात केली. "काल रात्री जेवताना ठरवलं, वर्ननवर सराव करायचा. विचारलं, 'जेवण कसं झालंय?' आणि गप्प बसले. जीभ दाताखाली धरून ठेवली. तो चावतोय, चावतोय. मी वाट बघतेय. मला वाटलं याला झोप लागली. आणि मग म्हणाला, 'मला बीट आवडत नाही.'"

"मग?"

"अगं मग काय! तीस वर्षं मी त्याला बीट घालतेय! म्हटलं, 'आधी का नाही बोललास?' पुन्हा वाट बघितली. तर म्हणतो, 'तू विचारायचीस... आणि उत्तरही तूच द्यायचीस.'"

ती हसता हसता रडत होती. मला गाडी कडेला घ्यावी लागली.

त्यानंतर रोज सकाळी मला वर्ननची नवी बातमी कळायची. त्याला लहानपणी अकॉर्डियन वाजवायचं होतं. शेजाऱ्याचा कुत्रा त्याला मुळीच सहन होत नाही. ट्वायलाचा निळा कोट त्याला फार आवडायचा आणि तो तिनं कुणाला तरी का देऊन टाकला, हे त्याला कधीपासून विचारायचं होतं. "माणूस आत सगळा भरलेला आहे गं," ती म्हणायची. "मी झाकण उघडायला वेळच दिला नाही."

तोंडी परीक्षा तिनं पुन्हा दिली आणि पास झाली. उत्तम नाही, पण झाली.

दुसऱ्या वर्षी आम्हाला मोठ्या गावच्या इस्पितळात शिकायला पाठवलं. तिथं आमच्यावर देखरेख करायचा थिओ ब्रूसार्ड, लुइझियानाकडचा, उंचापुरा, सदा गुणगुणणारा माणूस. एका सकाळी तो म्हणाला, "बारा नंबरच्या खोलीत एक आजोबा आहेत. मास्क लावला की ओढून काढतात. तो हवा ढकलणारा मास्क आहे, त्यांना लागणारच आहे. रात्रपाळीवाले दमले. आजोबांचं सगळ्यांवर ओरडून झालंय. चला, बघू."

खोलीत होते हार्लन ड्रायलिंग. ट्वायला दारातच थबकली. हार्लन वर्षानुवर्षं तिच्या बाजारात येणारे, तिसऱ्या ओळीत डाव्या टोकाला बसणारे. बोली लावताना फक्त एक बोट उचलायचे.

"हार्लन! अहो, तुम्ही? हे काय करून घेतलंत? मास्क का नाही लावत? चांगला असतो तो, बघा, एकदम..."

हार्लननी भिंतीकडे तोंड फिरवलं.

ट्वायला गप्प झाली. तिनं स्टूल ओढलं आणि बसली. त्यांच्या खांद्यांची वरखाली चाललेली धडपड दिसत होती. थिओनं माझ्याकडे बघून बोटानं खूण केली: थांब, बोलू नकोस.

बऱ्याच वेळानं ट्वायलानं विचारलं, "मास्क लावला की काय होतं?"

आणि ती थांबली.

"मी... पोर होतो..." भिंतीकडे बघतच हार्लन म्हणाले. मग श्वास. मग पुन्हा श्वास. मला वाटलं झालं. ट्वायला हलली नाही. "गव्हाच्या... कोठारात पडलो." पुन्हा श्वास. "इथवर..." त्यांनी हनुवटीला हात लावला. "गहू तोंडात. नाकात. बापानं... ओढून काढलं." त्यांनी मास्ककडे बोट केलं. "हे तसंच."

आमच्याकडे कोठारात रुतलेल्या माणसाची गोष्ट प्रत्येक घराला ठाऊक असते.

थिओ पुढे झाला. "आजोबा, पट्टे बांधायचे नाहीत. मास्क तुमच्याच हातात राहील. तुम्हीच तोंडावर धरायचा, तुम्हीच काढायचा. हवाही अगदी हळू सोडतो. चालेल?"

हार्लननी ट्वायलाकडे बघितलं.

ती म्हणाली, "आणि मी इथंच बसते. नको झालं की बोट उचला, मी यंत्र थांबवते. तुमचं बोट मी कधी चुकवलंय का?"

हार्लननी श्वास गोळा केला. "एकदा," ते म्हणाले. "ती तांबडी कालवड."

"कुठली तांबडी कालवड?"

"बोट वर होतं... माझं. तू... श्मिट्झला दिलीस."

"अरे देवा! मग ओरडायचं ना तेव्हा!"

"तू..." श्वास, "ओरडू देशील तर ना."

थिओ मोठ्यानं हसला. हार्लन हसायला गेले आणि खोकू लागले. ट्वायलानं त्यांना पाठीला हात देऊन पुढे वाकवलं, खोकला ओसरू दिला, मग मास्क त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो तोंडाशी नेला. चार श्वास घेतले, बोट वर. ट्वायलानं यंत्र थांबवलं. पुन्हा मास्क तोंडाशी. या खेपेला बोट बऱ्याच उशिरा वर गेलं. असं चालत राहिलं. जेवणाच्या वेळी मी बिअरॉक, म्हणजे कोबी-खिमा भरलेला पाव, खाऊन परत आले तर ट्वायला तिथंच, आणि हार्लन मास्क धरूनच झोपी गेलेले. त्यांचे खांदे आता शांत हलत होते. झोप लागल्यावर पट्टे लावायला त्यांनी आधीच मान डोलावली होती; थिओनं ते हलकेच लावले आणि ते जागे झाले नाहीत.

"जेवलीस का?" मी कुजबुजले.

तिनं मान हलवली, नाही. मी खिशातला दुसरा बिअरॉक तिला दिला. कोबीचा वास खोलीभर पसरला.

आठवड्याभरात हार्लन घरी गेले, ऑक्सिजनची छोटी टाकी सोबत घेऊन. जाताना चाकाच्या खुर्चीवरून ट्वायलाला म्हणाले, "कालवड... विसरलेलो नाही." आणि तिचा हात बराच वेळ धरून ठेवला.

मे महिन्यात कॉलेजच्या व्यायामशाळेत आम्हाला शिक्षण पुरं झाल्याचे बिल्ले लावले. ज्याचा त्याचा बिल्ला घरच्या माणसानं लावायचा, असं आमच्याकडे असतं. माझा आईनं लावला. वर्नन धुतलेला शर्ट घालून आला होता, पण त्याच्या दुरुस्तीवाल्या जाड बोटांना ती टाचणी काही ऐकेना. ट्वायला हूं की चूं न करता उभी राहिली. बिल्ला वाकडा लागला, तो तिनं तसाच ठेवला.

त्यानंतरची देशपातळीची परीक्षा मी पहिल्याच खेपेला पास झाले. ट्वायलाचे काही गुण कमी पडले, त्याच त्या रक्तातल्या आकड्यांनी घात केला. दोन दिवस ती चिडून फिरली. मग टायरेल दर शनिवारी तिच्या घरी जाऊन बसू लागला. ट्रॅक्टरच्या शेडमध्ये, पाच डॉलरच्या त्या यंत्राशेजारी, खडूनं फळीवर लिहून तो तिच्याकडून गणितं करून घ्यायचा. दुसऱ्या खेपेला ती पास झाली. आनंदाच्या भरात तिनं टायरेलला मोठं भांडंभर राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचे रोल बांधून दिले. ते त्यानं गाडीतच संपवले.

आता ती आमच्या जिल्ह्यातल्या छोट्या इस्पितळात आहे, मी तिच्याच पाळीत. पहिल्या दिवशी कामावर जाताना ओळखपत्रासाठी तिचा फोटो काढला. कॅमेऱ्यामागच्या मुलीनं "हसा" म्हटलं तेव्हा ट्वायला काहीतरी सांगायच्या बेतात होती. त्यामुळे फोटोत तिचं तोंड अर्धवट उघडं आलंय. नवा काढून देते, असं ती मुलगी दोनदा म्हणाली.

"राहू दे गं," ट्वायला म्हणाली, "माणसं ओळखतील मला." आणि ओळखपत्र गळ्यात अडकवून ऑक्सिजनची गाडी ढकलत ती निघाली.