लॅपटॉपची पसंती

समस्त आप्तेष्टांस कळविण्यात येते की, आमच्या घरी लॅपटॉप येत असून त्याच्या परीक्षेची जोखीम मी शिरावर घेतली आहे. बायकोच्या ऑनलाइन गाण्याच्या शिकवणीसाठी तो घ्यायचा होता. दुकानात मी वजन पाहिलं, बिजागरी हलवली, कळफलकावर माझंच नाव पुन्हा पुन्हा टाइप केलं. मुलगी पाहायला आलेल्या मामासारखा मी रंगात आलो होतो.

विक्रेत्याने विचारलं, "वापरणार कोण?"

मी मागे वळलो. दोघांची हेल्मेटं पोटाशी धरून बायको मघापासून उभी होती. लग्न एकाचं आणि पसंती दुसऱ्याची, या जुन्या रीतीची नक्कल करून मी आजवर किती जणांना हसवलंय. आता माझेच कान तापले. हेल्मेटं घ्यायला हात पुढे केला, तशी ती म्हणाली, "मी जरा हात लावून बघू का?"