घटाच्या दिवसांतला डाग

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशनचे शेक असं सगळं उरकून मला चौथं वर्ष लागलं होतं. रोजची एक गोळी तेवढी चालू होती. ती लिहून देतानाच नगरच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "या गोळीनं पहिला कॅन्सर परतायची भीती कमी होते. पण क्वचित एखादीला गर्भाशयाचा दुसरा कॅन्सर होऊ शकतो. पाळी गेल्यावर एक डाग जरी दिसला तरी लगेच या." मी मान डोलावली होती. मान डोलवायला काय लागतं!

पाळी केमोतच गेली होती. आणि घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डाग दिसला.

मिरजगावात आमच्या घरी घट बसले की अशा बाईची सावलीसुद्धा देवघराकडे चालत नाही. म्हणून सासूबाईंना सांगणं भाग होतं. त्यांचा तर चेहराच उजळला. "पाळी आली व्हय? म्हंजी अंगात रगत भरलं म्हनायचं. देवी पावली! जा, पडवीत बस चार दिस."

मी बसले. एरवी फटकळ म्हणून गावभर माझी ख्याती, पण तेव्हा दातखीळ बसली. कारण देवी पावली हे ऐकायला गोड होतं आणि दुसरं जे काही असेल त्याची मला भयंकर भीती वाटत होती. वेगळ्या ताटात जेवले, लांबूनच आरती ऐकली. पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हाले. सहाव्या दिवशी पुन्हा डाग.

मग मात्र माझं डोकं फिरलं, स्वतःवरच. नवऱ्याला म्हटलं, "टेम्पो काढा, नगरला जायचंय."

"दसऱ्याला घट उठू दे की," सासूबाई म्हणाल्या.

"देवी थांबंल, आत्याबाई. ह्ये थांबायचं न्हाई."

सोनोग्राफीत गर्भाशयात मांसाचा एक कोंब दिसला, पॉलिप म्हणतात तो. डॉक्टरीणबाईंनी तो काढून तपासायला पाठवला. रिपोर्टला आठ दिवस लागले. लेकीचं पहिलं बाळंतपण तोंडावर आलं होतं. ते बाळ मांडीवर घ्यायला मी असेन का, एवढंच डोक्यात. आणि सासूबाईंवरचा राग. त्यांना काय काय सुनवायचं ते मी पाठच करून ठेवलं होतं.

"कॅन्सर नाही. साधा कोंब होता, निघाला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी तिथंच हुंदके देऊन रडले. पुढेही डाग दिसला तर त्याच दिवशी यायचं, हे या वेळी मीच त्यांना म्हणून दाखवलं.

घरी सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. रिपोर्ट चांगला आल्याचं ऐकून त्यांनी हात जोडले. मग हळूच विचारलं, "पाळी गेल्यावं अंगावर जातंय, ते पाळीचं रगत नसतंय व्हय?"

"न्हाई. ते तपासावंच लागतंय."

त्यांनी शेंगा बाजूला सारल्या. "माझी थोरली बहीन खर्ड्याला दिली हुती. पाळी जाऊन धा वर्सं झाली, आन तिला असंच जायला लागलं. म्हातारपनी तरनी झाली म्हनून आमी हसायचो. वरीसभर बाजूला बसली बिचारी. त्यातच गेली."

पाठ केलेलं सगळं मी विसरले. त्यांच्याजवळ जाऊन बसले.

पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या, "तू माझं आयकलं न्हाईस, लई ब्येस झालं."