अप्पांची विनाथांबा पाटी

अहमदपूरच्या एसटी स्टँडवर मृत्युंजय अप्पांनी तीस वर्षं कंट्रोलरची खुर्ची सांभाळली. आपल्या आवाजावर गाव घड्याळ लावायचं, असं ते स्वतःच सांगत. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरच्यांना आंघोळीच्या वेळा ठरवून दिल्या, तेव्हा त्यांच्या बायकोने, नीलम्माने, हात जोडले. "चांदबीच्या शिवणघरात जावा, तिथं शिकवा वेळेचं काय ते!"

तिथे गरज होतीच. चांदबीने आणि तिच्या पाच जणींनी लातूरच्या एका शाळेचे दोनशे गणवेश शिवायला घेतले होते. आयुष्यातली पहिली मोठी ऑर्डर! बाराव्या दिवशी, शनिवारी साडेतीनच्या गाडीने माल गेला नाही, तर शाळा दुसरीकडून कपडे घेणार होती. आणि त्यांच्या हातून एरवी दिवसाला दहाच्या वर कपडे काही होत नव्हते.

अप्पा हरखले! पहिल्याच सकाळी भिंतीवर वेळापत्रक लागलं. एकीने अख्खा सदरा शिवायचा नाही. कापणं सरजाबाईने, कॉलर सबिहाने, काजं-बटणं सुमनबाईने. दारात कुणी आलं की सगळ्याच उठायच्या, एक चहा टाकायची, बाकीच्या गप्पांना बसायच्या. त्यावर अप्पांनी 'विनाथांबा' अशी पाटी रंगवून दाराला टांगली आणि पाहुण्यांना दुपारी एकची वेळ दिली. बायका खुदखुदल्या, पण मशिनी पळायला लागल्या.

"आणि दिवसभरात वेळ कुठं गेला, ते प्रत्येकीनं वहीत लिहायचं. खरं लिहायचं!" अप्पांनी फर्मावलं.

चार दिवसांनी त्यांनी वह्या मागवल्या. रोज अठरा गणवेश हवे होते, होत होते चौदा. चोर सापडायलाच हवा! चांदबीची वही उघडली. दोरा ओवणं, दहा मिनिटं. इस्त्री तापेपर्यंत, पंधरा मिनिटं. अप्पांचं भाषण, पावणेदोन तास.

सबिहाची उघडली. अप्पांचं भाषण, पावणेदोन तास. सरजाबाईला लिहिता येत नव्हतं. तिने सरळ एक टोपी काढली होती, आणि गल्लीत तशी टोपी एकाच डोक्यावर होती.

मशिनी थांबल्या. कुणी मान वर करेना. अप्पांचे कान लाल झाले. नायगावच्या गाडीचा किस्सा तर आजच रंगात आला होता!

"राग नका मानू अप्पा," चांदबी हळूच म्हणाली. "तुम्हीच म्हनलात, खरं लिवा."

"हाव. खरंच लिवलंय," अप्पा म्हणाले. त्यांनी खुर्ची उचलली आणि बाहेर पाटीखाली नेऊन ठेवली.

पुढचे आठ दिवस ते तिथेच बसले. येणाऱ्याला नुसतं बोटाने पाटी दाखवायची, तोंडातून शब्द नाही. तीस वर्षांत इतकी अवघड ड्यूटी त्यांनी केली नव्हती. डबा घेऊन आलेल्या नीलम्मालाही त्यांनी एक वाजेपर्यंत ताटकळत ठेवलं. आत मात्र आकडा अठरावर गेला, एकदा तर एकोणीस!

तरी शनिवारी त्यांना धीर धरवेना. वेळ पडली तर नव्या कंट्रोलरच्या हातापाया पडून गाडी पाच मिनिटं थांबवायची, असं जन्मात पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं, आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

तशी वेळ आलीच नाही. दोनशे गणवेशांचे गठ्ठे गाडीत चढले, तेव्हा स्टँडवरचं घड्याळ तीन वीस दाखवत होतं!

सहा जणी अप्पांभोवती बाकावर दाटीवाटीने बसल्या.

"धा मिनटं हायत," चांदबी म्हणाली. "आता सांगा, नायगावच्या गाडीचं काय झालं?"

अप्पांनी तोंड उघडलं, मग गाडीतल्या गठ्ठ्यांकडे पाहिलं.

"वेळेवर पोचली गं," एवढंच ते म्हणाले, आणि डोक्यावरची टोपी काढून त्या टोपीनेच डोळे पुसले.