हत्ती येईल म्हणून

मराठी माणूस दोन-चार किल्ले चढला की जन्मभरासाठी किल्ल्यांचा अधिकारी होतो. मी तर सात चढलोय. शिवाय लहानपणी दर दिवाळीला चाळीच्या जिन्याखाली मातीचा किल्ला केलाय, त्यावर हळीव पेरलेत, मावळे उभे केलेत. माझ्या अधिकाराबद्दल निदान मला तरी कधी शंका आली नव्हती.

पन्नाशीनंतर मला खेळण्यातल्या प्लॅस्टिकच्या विटा एकमेकींत बसवून इमारती करायचं वेड लागलं. मीरा रोडच्या आमच्या घरात जेवणाचं अर्धं टेबल मी त्यासाठी बळकावलंय. बायको त्यांना ठोकळे म्हणते आणि पाहुणे आले की 'भाच्यासाठी आणलेत' असं सांगते. असे भाच्यांच्या नावावर खेळणारे आम्ही अकरा जण आहोत. आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि त्यात मला सगळे 'सर' म्हणतात. माझा स्वतःचा राजवाडा कधीचा पहिल्या मजल्यावर अडकलाय, पण दुसऱ्याच्या फोटोखाली 'प्रमाण चुकलंय' असं सगळ्यात आधी मी लिहितो. सर व्हायला तेवढं पुरतं.

या अकरा जणांत जवळच्याच, किनाऱ्यावरच्या पाली गावचे एक गृहस्थ आहेत. मच्छीमारांच्या घरातले, बोटींची इंजिनं दुरुस्त करतात. त्यांनी ग्रुपवर लिहिलं की दोन वर्षं खपून युरोपातला जुन्या काळचा किल्ला बांधलाय, प्रदर्शनात मांडायच्या आधी सरांनी एकदा नजर टाकावी. आमचं पहिलंवहिलं प्रदर्शन पुढच्या रविवारी एका सोसायटीच्या हॉलमध्ये होतं. सर म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? मी स्कूटर काढली.

पालीच्या गल्लीत समोरून दुसरी स्कूटर आली की एकाने मागे जायचं असतं. मी दोनदा मागे गेलो आणि तिथेच माझा मूड गेला. घरात शिरलो तर किल्ला एका जुन्या कॅरम बोर्डावर उभा होता.

काय सांगू! राखाडी भिंतींत मध्येच एखादी हिरवट वीट, शेवाळ चढल्यासारखी. कोपऱ्यात तबेला, त्याच्या छपराची एक बाजू मुद्दाम खचवलेली. भोवती निळ्या तुकड्यांचा खंदक आणि दरवाजासमोर उचलता पूल. त्यांनी ग्रीस मुरलेल्या जाड अंगठ्याने एक इवलासा रहाट फिरवला आणि पूल सावकाश वर आला. दोरीच्या जागी जाळ्याचा नायलॉनचा धागा होता, त्याला गाठही जाळ्याचीच. पूल वर जाऊन दरवाजाला असा चपखल बसला की माझ्या पोटात दुखायला लागलं. असं मला सात जन्मांत जमणार नव्हतं.

आपल्याकडे कौतुक करायची एक पद्धत आहे. हात मागे बांधायचे, मान तिरकी करायची आणि 'हं' म्हणायचं. मी तसं म्हणालो. ते अजून माझ्या तोंडाकडे बघत होते. काहीतरी बोलणं भाग होतं.

"दरवाजा असा सरळ समोर?" मी म्हणालो. "गोमुखी हवा. दोन बुरुजांच्या मध्ये, वळणात लपलेला. नाहीतर हत्ती धावत येऊन सरळ धडक देईल."

ते गंभीर झाले. "ह्ये माझ्या ध्यानातच न्हाय आलं, सर."

ते चहा सांगायला आत गेले, तेवढ्यात मी त्या दरवाजाचे पटापट फोटो काढले. समोरून, मागून, खाली वाकून रहाटाचे. माझ्या राजवाड्याला उपयोगी पडतील म्हणून. मग चहा घेतला आणि घरी आलो.

बुधवारी ग्रुपवर फोटो आला. दरवाजाच्या जागी भगदाड, पुढे विटांचा ढीग. खाली लिहिलेलं, 'सरांनी चूक दाखवली. गोमुखी करतोय. सरांचे आभार.' त्यावर नऊ अंगठे. मी फुशारून बायकोला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती.

"युरोपात हत्ती होते का हो?" तिने विचारलं.

मी फोन खिशात टाकला. मग तीन दिवस ग्रुपवर काहीबाही लिहून पुसत राहिलो. शनिवारी सकाळी मात्र राहवेना, पाली गाठली.

कॅरम बोर्डासमोर ते उकिडवे बसले होते. अर्धवट गोमुखी दरवाजा एका बाजूला कलला होता. "वळण घेतलं तर पूल बसत न्हाय," ते म्हणाले. "म्हटलं पयल्यासारखा करू, तर रहाट कसा बसवलेला तोच आठवत न्हाय. उद्या नेत न्हाय मी, सर. भगदाड काय दाखवायचं लोकांना?"

"तिकडे हत्ती नव्हते," मी म्हणालो. "तुमचंच बरोबर होतं."

"मग तुमी बोललात कशाला?"

"तुमचा पूल बघून जळलो मी."

त्यांच्या बायकोने आतून डोकावून पाहिलं आणि ती परत आत गेली. मला स्कूटरवर बसून पळून जावंसं वाटत होतं. त्याऐवजी मी फोन उघडून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो जाड अंगठा फिरवायला सुरुवात केली. दरवाजा, पूल, रहाट, गाठ, परत रहाट. फोटो संपेनात. चाळीसच्या वर असतील. एका फोटोवर ते थांबले, तो मोठा केला, आणि दुसऱ्या हाताने ढिगातला एक तुकडा उचलला. मीही खाली बसून राखाडी विटा वेगळ्या काढायला लागलो.

त्यांनी तो तुकडा जागेवर बसवून पाहिला. मग फोनवरची नजर न काढता म्हणाले, "एवढं काढलंत फोटू. आन् त्या दिवशी 'हं' म्हणालात."