सीटवरचं प्लास्टिक

नव्या गाडीसाठी केक कापतात हे मला शोरूममध्ये गेल्यावर कळलं. गाडीवर लाल मखमली कापड, समोर टेबल, टेबलावर निळ्या क्रीमने थापलेला केक, आणि टाय लावलेली चार माणसं टाळ्या वाजवायला हजर. आमचे हे कॉलेजात कॉमर्स शिकवतात, स्वतःच्या वाढदिवसालाही औक्षणापुरतेच पाटावर बसतात. पण त्या दिवशी ते हातात पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली धरून नवरदेवासारखे हसत होते. कुणीतरी केकचा तुकडा माझ्या तोंडाशी आणला. त्या क्रीमला डालड्याचा वास येत होता. मी तो रुमालात घेतला. त्या वेळच्या फोटोत माझं तोंड कडू औषध घेतल्यासारखं आलंय, आणि ते अगदी खरं आहे.

बाहेर पार्किंगच्या कोपऱ्यात माझी जुनी गाडी उभी होती. चौदाशे सीसीचं, चार सिलिंडरचं इंजिन. वकिली जरा चालायला लागली तेव्हा मी स्वतः घेतलेली, माझ्या नावावरची. एक्स्चेंजमध्ये ती घेणारा माणूस तिच्याभोवती ढोर बघायला आल्यासारखा फिरत होता. मागचं दार उघडून त्यानं सीटवरच्या एका फिकट डागाकडे पाहिलं आणि नाक मुरडलं. तो डाग माझ्या आईचा होता. असं वाटलं, त्याच्या हातातून किल्ली हिसकून घ्यावी आणि घरी निघून जावं.

माझ्या आईला गाडी लागते. बार्शीटाकळीच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ती मास्तरीण होती, अकोल्याहून रोज एसटीनं जायची. नाकाशी संत्र्याची साल धरून, तरीही आठवड्यातून दोनदा खिडकीबाहेर मान काढून, तिनं सगळी नोकरी केली. बाबा गेल्यावर ती अकोल्यात एकटी राहते. घर सोडून कायमची माझ्याकडे यायला तयार नाही, पण महिन्यातून एकदा आठ दिवस अमरावतीला यायची. स्टेशनचा जिना तिच्या गुडघ्यांना चढवत नाही, एसटीचं हे असं, म्हणून मीच गाडी घेऊन जायची आणि तिला आणायची. जुन्या गाडीत पहिल्याच खेपेला मूर्तिजापूरच्या अलीकडे तिला उलटी झाली. मी गाडी बाजूला घेतली, दोघींनी मिळून बाटलीभर पाण्यानं सीट धुतली, आणि आई म्हणाली, "एकदा ओकून घेतलं नं, आता कायचं भेव?" त्यानंतर त्या गाडीत तिला कधी काही झालं नाही. मूर्तिजापूर आलं की आम्ही दोघी हसायचो.

ते आठ दिवस मला लागतात. कोर्टात सगळे मॅडम मॅडम करतात, घरी हे जपून बोलतात. मला तोंडावर मूर्ख म्हणणारं माणूस आता जगात एकच उरलंय, आणि ते अकोल्यात राहतं.

तरी गाडी बदलली. वर्षभर हे मोबाईलवर टर्बो इंजिनांचे व्हिडिओ बघत होते. जेवताना माझ्या ताटापलीकडे डाळीची वाटी इंजिन म्हणून ठेवून मला समजावून सांगायचे की इंजिनातून बाहेर जाणाऱ्या धुरावर एक पंखा फिरतो, तो पंखा इंजिनात हवा कोंबतो, म्हणून हजार सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन चौदाशेच्या वरताण काम करतं. "इंजिन लहान, ताकद जास्त," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की मला त्याची शिसारी आली. जुन्या गाडीचा एसी गेला होता, वर आमचा वऱ्हाडातला मे महिना. दिवसभर कोर्टात भांडून घरी पुन्हा तेच करायचं त्राण नव्हतं. घ्या म्हटलं. कागद यांच्या नावावर झाले. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

गाडी आली आणि घरात सोवळं आलं. चपला झटकून बसायचं. आत काही खायचं नाही, शेंगदाणेसुद्धा नाही. दार हळू लावायचं. लांबून आलो की लगेच बंद करायची नाही, टर्बो गरम असतो, अर्धा मिनिट तशीच घरघरत ठेवायची, मग हे मोबाईलमध्ये बघत बसणार आणि मी घामानं भिजलेली त्यांच्या बाजूला. राजापेठच्या गर्दीत सिग्नलला ती आपोआप बंद पडते आणि आपोआप चालू होते. ॲक्सिलरेटर दाबला तर आधी ढिम्म, आणि मग मागून कुणी बुक्की मारावी तशी उसळते. डॅशबोर्डवर यांनी एक सुगंधी डबी चिकटवली, तिचा वास स्वस्त हॉटेलच्या बाथरूमसारखा. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे सीटांवरचं प्लास्टिक. कंपनीनं घातलेलं ते कव्हर काढायचं नाही, असा यांचा हुकूम. "प्लास्टिक काढलं की गाडी जुनी झाली समज," म्हणे. उन्हात ते तापायचं, वितळल्यासारखा वास सुटायचा, पाठीला चिकटायचं, आणि उठताना फर्रर्र आवाज यायचा. आमच्या गल्लीत कितीतरी गाड्या अशा प्लास्टिकात गुंडाळलेल्या फिरतात. माणसं घामानं निथळतात आणि सीटा नव्या राहतात. मला याची किळस येते, आणि ती मी लपवत नाही.

पहिल्या खेपेला हे मोठ्या हौसेनं स्वतःच निघाले. त्यांच्या सासूबाईंना, म्हणजे माझ्या आईला, नव्या गाडीतून आणायचं होतं. अकोल्याहून निघालो तेव्हा आई मागे एकटी, साडी गुडघ्यांत आवळून, पाठ न टेकता बसलेली. पायाशी तिची नेहमीची पिशवी, तिच्यात तूरडाळ, मूगवड्या, लोणच्याची बरणी. लेकीच्या घरी ती जेवढं खाते त्याच्यापेक्षा जास्त घेऊन येते. शहराबाहेर पडायच्या आधीच सिग्नलला गाडी बंद झाली.

"बंद पडली का वं?" आईनं मला हळूच विचारलं.

"नाई आई, पेट्रोल वाचवते ते," हे आनंदानं म्हणाले, आणि तिथून त्यांचं टर्बोपुराण सुरू झालं. आई दर वाक्याला "हो का, लय चांगलं" म्हणत होती. बोरगावच्या पुढे त्यांनी ट्रक मागे टाकताना ती ताकद दाखवायला पाय दाबला. गाडी उसळली. मी मागे वळून पाहिलं तर आईचा चेहरा पांढरा पडला होता.

"थांबवा," मी म्हटलं. गाडी थांबेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. पण सीटवर एक थेंब नव्हता. आईनं पदराची झोळी करून त्यात उलटी केली होती. तो पदर दोन्ही हातांनी उचलून, जणू सांडू नये असं काही मौल्यवान आत असावं, ती दार उघडायची वाट पाहत बसली होती. शाळेत शंभर पोरांना एका नजरेनं गप्प करणारी बाई.

एका ढाब्याच्या नळावर मी तिचा पदर धुतला. मागून हे आले. मनानं चांगला माणूस आहे, मुद्दाम कुणाला दुखावणार नाही. ते म्हणाले, "काही हरकत नाही आई, अजिबात मनावर घेऊ नका. प्लास्टिक हाये म्हणून बरं."

आई म्हणाली, "हो नं."

मी तिचा धुतलेला पदर पुन्हा नळाखाली धरला.

पुढच्या महिन्यात आईचे गुडघे दुखत होते. त्याच्या पुढच्या महिन्यात शेजारच्यांकडे लग्न होतं. मग सांडगे घालायचे होते, मग नळ दुरुस्तीचा माणूस यायचा होता. आमच्या घरात निदान ठरलं की आईंना टर्बो झेपत नाही. यांनी मला पायाचा दाब कसा हळूहळू वाढवायचा ते शिकवलं. मीही वेड्यासारखी पहाटे बडनेऱ्यापर्यंत जाऊन मऊ चालवायचा सराव केला. गाडी आता एखाद्या गाभण गाईसारखी चालवता येते मला. फोनवर आईला तसं सांगितलं. ती म्हणाली, "पाहू वं पुढच्या महिन्यात."

शेवटी एका रविवारी मी एकटीच अकोल्याला गेले आणि तिच्यासमोर पाट ओढून बसले.

"खरं सांग. काहून येत नाई तू?"

"गुडघे..."

"गुडघ्यांचं मले नको सांगू. इंजिनचा त्रास होते का?"

"इंजिनचं काय घेऊन बसली?" ती चिडली, आणि मला बरं वाटलं. "बार्शीटाकळीच्या रस्त्यानं जन्म गेला माहा, मले इंजिन सांगते. जवायाची गाडी हाये ते."

"माझी पण आहे ना."

"ते तुमा दोघांचं. माह्यासाठी जवायाची. त्याच्यात काही सांडलं तं मी तोंड कोठी लपवू?"

"ते काही म्हणाले का तुला?"

"नाई नं बाप्पा. जवाई चांगलेच हायेत, म्हनून तं. वाईट असते तं ओकली असती खुशाल." मग म्हणाली, "गाडीत बसलं का डोक्यात तेच एक राह्यते. होते का, होते का. अन् त्या प्लास्टिकच्या वासानं मंग होतेच."

म्हणजे सीट खराब होईल या भीतीपायी तिला प्लास्टिक पाहिजे, आणि प्लास्टिकमुळेच तिला उलटी होणार. आणि आम्ही दोघं शिकली-सवरलेली माणसं सहा महिने इंजिनाला दोष देत बसलो होतो.

मी तिच्या फाटकाबाहेर जाऊन गाडीचं दार उघडलं आणि प्लास्टिक फाडायला सुरुवात केली. ते सहजी निघत नाही. नखं तुटली. चारही सीटांचं काढलं, ती सुगंधी डबी उचकटली, सगळं कचराकुंडीत टाकलं. आई दारातून ओरडत होती, "काहून फाडून राह्यली वं? जवाई काय म्हनतीन?" मी म्हटलं, काय म्हणायचं ते मला म्हणतील. चल, पिशवी भर.

ती आली. पुढे, माझ्या शेजारी बसली. काचा उघड्या होत्या, मी गाडी मऊ चालवली. मूर्तिजापूर गेलं तरी तिला काही झालं नाही. वाटेत ती मला माझ्या केसांवरून बोलली, एका अशिलावरून बोलली, मूर्खसुद्धा म्हणाली. बडनेरा आलं तेव्हा मला वाटलं, जिंकलो आपण.

घरासमोर हे उभेच होते. सीटांकडे पाहून त्यांचा चेहरा क्षणभर पडला, पण लगेच हसून ते आईच्या पाया पडले. आई उतरली. आणि वळून, आत वाकून, जिथे बसली होती ती जागा पदरानं पुसायला लागली. काही सांडलेलं नव्हतं. धूळसुद्धा नव्हती. मी ओरडणार तेवढ्यात हे पुढे झाले आणि दाराच्या कप्प्यातलं त्यांचं ते गाडी पुसायचं मऊ फडकं काढून त्यांनी तिच्या हातात दिलं.

"पदरानं नका पुसू आई, साडी खराब होईल. हे घ्या."

तिनं ते घेतलं. सीट नीट, कोपऱ्यांपर्यंत पुसली, फडक्याची घडी केली आणि दोन्ही हातांनी त्यांना परत दिली. ते आत गेले. त्यांना वाटलं असेल, आपण प्रेमानं वागलो. मी पिशवी उचलून तिथेच उभी राहिले. इतका राग मला आजवर कुणाचाच आला नव्हता, आणि तो कुणावर काढायचा हेही कळत नव्हतं.

आठ दिवसांनी परत जायच्या सकाळी हे किल्ली घेऊन तयार होते. आई म्हणाली, तुमचं कॉलेज बुडवू नका, मी आपली जातो. मीही निघते म्हटलं तर मला कोर्टाची आठवण करून दिली. ऑटो तिनं आधीच बोलावून ठेवला होता. बसस्टँडवर मी तिला अकोल्याच्या गाडीत बसवलं. तिनं खिडकीजवळची जागा धरली, काच सरकवली, पिशवीतून संत्रं काढून साल सोलली आणि फोडी माझ्या हातावर ठेवल्या.

"आई, तुला होईल गं यात," मी म्हटलं. "दोन तास."

"होऊ दे नं," ती म्हणाली. पाठ टेकून, पाय पसरून, ती इतकी सैल बसली होती की जुन्या गाडीनंतर मी तिला असं बसलेलं पाहिलंच नव्हतं. "येष्टी कोन्या जवायाची नसते, बाई."