खालच्या मजल्यावरची पेटी

किल्लीमामा माणसावर पटकन विश्वास ठेवत नाहीत. धंदाच तसा आहे. किल्ली हरवली म्हणून कुणी आलं, की मामा आधी त्याच्या तोंडाकडे बघतात, मग हातांकडे, आणि विचारतात, “घर तुमचंच ना?” माणूस हसतो. मामा हसत नाहीत. तोंड कुणालाही सांभाळता येतं, हात सांभाळणं अवघड, असं त्यांचं मत.

दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. किल्ली पकडायचा एक शिकंजा, एक स्टूल, आणि भिंतभर खिळ्यांना लटकवलेल्या कोऱ्या किल्ल्या. वारा आत शिरला की त्या किणकिणतात. मामांची कानस त्यांच्या खालून सावकाश चालत असते, जशी नदी पुलाखालून जाते. घाई करणाऱ्याला ते सांगतात, “दार तुमचं कुठं पळून चाललंय?”

एका सकाळी त्या स्टुलावर एक सिनेमावाला येऊन बसला. आवाज मऊ, चपला महागाच्या. बारा वर्षांपूर्वी खाडीत प्रवासी बोट उलटून एकशे सदतीस माणसं गेली, त्यावर तो सिनेमा काढत होता. त्या वेळी देशभर झेंडे अर्ध्यावर आले होते, शाळाशाळांतून मुलं दोन मिनिटं उभी राहिली होती. मामांची बायको त्या बोटीत होती. बहिणीकडून परत येत होती.

“मला आकडे नकोत, मामा,” सिनेमावाला म्हणाला. “आकडे सगळ्यांनी दाखवले. मला दुःख हवंय.”

“त्याचं काय करणार?”

“लोकांपर्यंत पोचवणार.”

“मग पोस्टात जा. काउंटरवर माझी मुलगी बसते, तिच्याकडे द्या.”

सिनेमावाला मनापासून हसला. मामा त्याच्या हातांकडे बघत राहिले. याला काही ठाऊक तर नाही? एवढी माणसं गेली, एवढी घरं आहेत, मग हा नेमका माझ्याच दारात का?

मामांना धास्ती होती ती अशी. त्या बोटीच्या खालच्या मजल्यावर लाइफ जॅकेटांची एक लांब लाकडी पेटी होती. प्रवासी जॅकेटं उशाला घेत, काही तर घरीच नेत. कंपनीचा मॅनेजर वैतागला आणि त्यानं मामांकडून पेटीला कुलूप करून घेतलं. मामांनी जीव ओतून केलं. “हे मोडून दाखवा, मी धंदा सोडीन,” असंही वर बोलून गेले. किल्ली राहिली वर, कप्तानाच्या खोलीत. पुढं चार महिन्यांनी बोट उलटली, आणि उलटायला तिला दहा मिनिटंही लागली नाहीत. चौकशीच्या अहवालात लिहिलं गेलं की पेटी बंद होती की उघडी, हे सिद्ध झालं नाही. मामांना साक्षीला कुणी बोलावलं नाही आणि ते आपणहून गेले नाहीत. मुलगी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिला यातलं अक्षरही ठाऊक नव्हतं.

सिनेमावाला खरोखरच पोस्टात गेला. रविवारी दुपारी तो घरी आला तो मुलीच्या बोलावण्यानं. त्यानं चहा घेतला आणि कागद काढून वाचायला लागला. बोट कलते आहे. किंकाळ्या. एक बाई स्वतःच्या अंगातलं जॅकेट काढते, शेजारणीच्या तान्ह्या बाळाला त्यात गुंडाळते आणि हसून पाण्यात नाहीशी होते. ती बाई म्हणजे मामांची बायको. सिनेमात तिचं खरं नाव ठेवणार होते, म्हणून दोघांची सही हवी होती.

मुलीच्या डोळ्यांना धारा लागल्या. “आई अशीच होती,” ती म्हणाली.

मामांनी विचारलं, “तिला जॅकेट मिळालं कुठून?”

“पेटीतून.”

“पेटी कुणी उघडली?”

“उघडीच असते हो, मामा. सिनेमात एवढं कोण बघतं?”

“आणि शूटिंगला बोट कुणाची?”

सिनेमावाल्यानं रिकामा कप उचलला, पाहिला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. “त्याच कंपनीची. उलटली तिच्या जोडीची बोट त्यांच्याकडे आहे ना. तशी दुसरी कुठं मिळणार?”

“त्यांनी हे कागद वाचले?”

“वाचले. पद्धत असते तशी.”

“बाबा, पुरे!” मुलगी कडाडली. “सगळ्या जगाचा संशय! बारा वर्षांत आईबद्दल एक शब्द बोलला नाहीत. हा परका माणूस निदान बोलतोय तरी.”

मामा उठले. फळीवरून एक जाड वही काढून आणली. केलेल्या प्रत्येक कुलपाची किल्ली ते कागदावर ठेवून पेन्सिलीनं गिरवून घेतात, खाली जागा आणि तारीख लिहितात. हरवली तर पुन्हा करता यावी म्हणून. त्यांनी पान उघडून मुलीसमोर ठेवलं. तिथं एका किल्लीची बारीक रेघ होती आणि खाली मामांचं वळणदार अक्षर: बोट, खालचा मजला, जॅकेटांची पेटी.

मुलीनं वाचलं. पुन्हा वाचलं.

“तुम्ही केलं?”

“मी केलं. आतून, बाहेरून, कसंही फुटणार नाही असं केलं.”

तेवढ्यात सिनेमावाला खुर्चीच्या काठावर आला. त्याचे डोळे चमकत होते. “मामा, हे तर भन्नाट आहे! कुलूप करणारा तिचाच नवरा! अहो, हे तर माझ्या डोक्यातही आलं नसतं.”

मुलीनं हळूच मान वळवली. आत्तापर्यंत ज्याच्याकडे ती आदरानं बघत होती, त्याच्याकडे आता ती वडिलांसारखी बघायला लागली. आधी तोंड, मग हात.

“म्हणजे पेटी बंद दाखवणार?” तिनं विचारलं.

“पेटी नको. ते फार कोरडं होतं, कंपनीलाही अडचण. पण कुलूप दाखवू ना! एक पितळी कुलूप पाण्यात संथ खाली जातंय, आणि काठावर म्हातारा नवरा ढसाढसा रडतोय.”

“मी त्या दिवशी रडलो नाही,” मामा म्हणाले. “तिची ओळख पटवून आलो आणि दुकान उघडून बसलो. दुसरं काही सुचलं नाही.”

“ते आम्ही बघून घेऊ.”

मुलीनं कागद गोळा केले, कडा जुळवल्या आणि त्याच्या मांडीवर ठेवले. “आईचं नाव काढून टाका. आणि चपला बाहेर डावीकडे आहेत.”

तो गेला. त्यानंतर तीन दिवस ती वडिलांशी बोलली नाही. जेवण वाढायची, ताट सरकवायची, आत जायची. मामाही मान खाली घालून जेवायचे. चौथ्या दिवशी तिनं भाकरी थापता थापता पाठमोरंच विचारलं, “आई खालच्या मजल्यावरच होती का?”

“ठाऊक नाही.”

“पेटीपाशी?”

“ठाऊक नाही गं. मी रोज तिला वेगळ्या जागी उभी करतो. कधी वर, वाऱ्यात. कधी खाली. खालीच जास्त वेळा.”

तिनं मागं वळून पाहिलं नाही. पण त्या दिवशी दुसरी भाकरी तिनं स्वतः त्यांच्या ताटात वाढली.

सिनेमा आला तेव्हा नाव बदललेलं होतं, जॅकेट होतंच. गावानं ओळखायचं ते ओळखलं. किल्ली करायला येणाऱ्या बाया डोळे पुसत म्हणायच्या, “मामा, धन्य ती माउली!” मामा कानस थांबवायचे आणि सांगायचे, “तिच्याकडे जॅकेट नव्हतं. पेटीला कुलूप होतं. ते मी केलं होतं.” कुणाला वाटायचं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. कुणी शिकंज्यातली अर्धी घासलेली किल्ली परत मागून घ्यायचं. मामा देऊन टाकायचे.

पोस्टातही तेच चाललं होतं. एकदा पार्सल घेऊन आलेल्या बाईनं खिडकीतून हात घालून मुलीचा हात धरला. “सिनेमा बघून आले गं. किती रडले म्हणून सांगू! तुझी आई देवमाणूस होती.”

“माझी आई गेली, कारण जॅकेटांच्या पेटीला कुलूप होतं,” मुलगी म्हणाली. “मॅनेजरनं सांगितलं होतं आणि माझ्या बाबांनी केलं होतं. तुमचं पार्सल वजनकाट्यावर ठेवा.”

बाईनं हात मागं घेतला. रांगेतली माणसं टाचा उंचावून पुढं बघायला लागली. मुलीनं वजन लिहिलं, तिकिटं चिकटवली, शिक्का मारला.

“पुढचं कोण?”