माझी डावी बाजू

शिवणक्लासच्या टेबलावर ब्लाउजची बाही कापत असताना ते झालं. उन्हाळा नुकताच लागला होता. आमच्या पुढच्या खोलीत क्लासच्या बायका मशिनींवर बसल्या होत्या. मला दुखलं नाही, चक्कर आली नाही. कापड सारखं सरकतंय, एवढंच कळत होतं. मी कात्री चालवायची आणि कापड गोळा व्हायचं. शेवटी समोरच्या मशीनवरची बाई म्हणाली, "मॅडम, दुसऱ्या हातानं कापड धरा की. हात नुसता लोंबतोय तुमचा."

"धरलंय की," मी म्हणाले.

ती उठून जवळ आली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि सरळ आत जाऊन माझ्या नवऱ्याला बोलावून आणलं. तो कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेला. सहसा घाई न करणारा माणूस, पण त्या दिवशी त्याच्या पायात चप्पलसुद्धा नव्हती.

"तोंड वाकडं झालंय तुझं. चल, दवाखान्यात जाऊ."

"मला काही झालेलं नाही. बाही अर्धी राहिलीय."

मी खोटं बोलत नव्हते. मला खरोखरच काही झालेलं नव्हतं. रिक्षात दोघांनी मला उचलून बसवलं, तरी वाटभर मी भांडत होते की भरल्या क्लासमधून असं ओढून का नेता. दवाखान्यात मेंदूचा फोटो काढला. उजव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गाठ अडकली होती. ती विरघळवायचं इंजेक्शन दिलं. त्या बाईने वेळेत बघितलं म्हणून मी वाचले, असं डॉक्टर नंतर म्हणाले. पण मेंदूचा एक तुकडा तोवर गेला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी जाग आली तेव्हा माझ्या अंथरुणात कुणाचा तरी हात होता.

उजव्या हाताने चादर सारखी करताना तो मला लागला. गार, जड, मऊ. मी दचकून हात मागे घेतला. मग पुन्हा चाचपलं. बोटं होती, मनगट होतं, कोपर होतं. वॉर्डात लख्ख उजेड, पलीकडच्या खाटेवरच्या बाईंना त्यांची सून संत्रं सोलून देत होती, आणि माझ्या पोटाशी एक मेलेला हात. मी तो ढकलला. तो हलला आणि परत येऊन पडला. सिस्टर जवळून गेल्या तशी मी त्यांचा झगा पकडला.

"सिस्टर, इथं कुणाचा तरी हात राहिलाय. घेऊन जा तो."

"मावशी, तुमचाच आहे तो."

"माझा नाही. माझा हात असा नाही."

त्यांनी तो उचलून माझ्या डोळ्यांसमोर, उजव्या बाजूला आणून धरला. मनगटात हिरव्या बांगड्या होत्या. त्या मी ओळखल्या. संक्रांतीला मीच भरल्या होत्या. आणि मला आणखीच भीती वाटली.

"बांगड्या माझ्या आहेत," मी म्हणाले. "हिने माझ्या बांगड्या घातल्यात."

नवरा चहा घेऊन आला होता. तो सगळं ऐकत उभा होता. थर्मास खाली ठेवून त्याने विचारलं, "मग कुणाचा हाय गं हा हात?"

"तुमच्या आईचा," मी म्हणाले.

सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. नवरा बाहेर जाऊन जिन्याच्या पायरीवर बसला, हे मला पुढे कधीतरी सिस्टरनी सांगितलं. मला भ्रम झाला होता असं कुणाला वाटेल. पण त्याच दुपारी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी वार सांगितला, मुलीचा पुण्याचा पत्ता सांगितला, क्लासमधल्या कुणाचं ब्लाउज कुठवर आलंय तेही सांगितलं. बाकी सगळी मी शाबूत होते. फक्त तो हात परका होता, आणि पुढचे काही दिवस त्याच्याशेजारी झोपायचं या विचाराने मला घाम फुटायचा.

हळूहळू तो माझा झाला. कसा, ते सांगता येत नाही. एका सकाळी सिस्टर त्या हाताला सुई टोचत होत्या आणि लांबून कुठूनतरी मला ते दुखलं. मी रडायला लागले. दुखलं म्हणून रडतेय असं वाटून त्या माझी समजूत घालत बसल्या. मी रडत होते ते हात माझा आहे आणि तो असा झालाय, हे कळलं म्हणून.

घरी आले तेव्हा डावा पाय बऱ्यापैकी चालत होता. सगळ्यांना वाटलं, संकट टळलं. मग एक दिवस जेवताना मी म्हणाले, "आज भाजी नाही का केली?"

नवऱ्याने माझं ताट फिरवलं. वांग्याची भाजी आली. चटणी आली. ताटात वाढताना कुणी दिसलं नाही, आणि पदार्थ आले. माझा हात तसाच थांबला.

"आधी कुठं होती ही?"

"हितंच होती की. तुझ्या डाव्या अंगाला."

त्या दिवसापासून मला घराची भीती वाटायला लागली. नवरा डावीकडून बोलला की आवाज यायचा आणि माणूस नसायचा. मी उजवीकडे बघत त्याला शोधायची. दाराच्या चौकटी खांद्यावर आदळायच्या. केस मी उजव्या बाजूचेच विंचरायची. व्यायाम शिकवायला एक तरुण मुलगी घरी यायची. घरी ती दखनी उर्दू बोलायची, माझ्याशी मराठी. तिने माझ्याच क्लासमधली लाल फीत घेऊन टेबलाच्या, आरशाच्या, ताटाच्या डाव्या कडेला लावली.

"आंटी, लाल दिसेपर्यंत मान वळवायची. लाल दिसलं की मगच काम सुरू करायचं."

"डोळ्यांचा नंबर बदललाय का माझ्या?"

"डोळे चांगले आहेत. लक्ष जात नाही तिकडे."

लक्ष जात नाही, हे मला पटायचं नाही. लक्ष देणं म्हणजे काय, ते मुलींना सुईत दोरा ओवायला शिकवताना आयुष्यभर मीच सांगत आले होते.

मग ती दुपार आली. नवरा जेवून आडवा झाला होता. मशीनवर नुसता पाय मारून बघावा असं मनात आलं, पण रिळात दोरा नव्हता. दोऱ्याचं दुकान आमच्याच ओळीत, गल्लीच्या टोकाला. घरातून निघून उजवीकडे वळलं की सरळ चालत जायचं. कुणाला कशाला उठवायचं म्हणून एकटीच निघाले. दुकान सापडलं, दोरा घेतला. मला फार बरं वाटलं.

परत निघाले. चालत राहिले. लाँड्री दिसली, चादरींचा कारखाना दिसला, त्यातल्या मागांचा आवाज ओळखीचा होता. पण घर येईना. थोडं पुढे गेले. घर येईना. गल्ली आमचीच होती, ऊन तेच होतं, पाण्याचा टँकर उभा होता, आणि लग्न होऊन आल्यापासून ज्या घरात राहिले ते घर जागेवर नव्हतं. डावीकडे मोकळी जागा दिसत होती असंही नाही. गल्लीला डावी बाजू असते, हेच मला त्या वेळी ठाऊक नव्हतं. चालता चालता मोठा रस्ता लागला. समोरून बस गेली. कुणाला काय विचारायचं? माझं घर बघितलं का, असं?

टँकरवाल्याने विचारलं, "काय झालं आजी? कुटं जायचंय?"

"घरी," मी म्हणाले आणि वळले. वळल्याबरोबर उजव्या हाताला आमची ओळ उभी होती. तिथे पिठाची गिरणी होती, तिथे आमचं घर होतं, आणि दारात नवरा उघड्या अंगाने गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडे बघत उभा होता.

त्याच आठवड्यात आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डोळे मिटा. मनात मोठ्या रस्त्यावर उभ्या राहा, गल्लीकडे तोंड करून. काय काय दिसतं?"

मी सांगितलं, गिरणी, आमचं घर, शेवटी दोऱ्याचं दुकान.

"आता दुकानापाशी उभ्या राहून रस्त्याकडे तोंड करा."

"लाँड्री. चादरींचा कारखाना. टँकर थांबतो ती जागा."

"आणि तुमचं घर?"

डोळे मिटलेले होते. बघायचं काहीच नव्हतं, नुसतं आठवायचं होतं. तरी त्या टोकाला उभं राहिल्यावर माझं घर मला आठवलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "डाव्या जगाकडे लक्ष ठेवणारा भाग तुमचा दुखावलाय. बघतानाही आणि आठवतानाही तोच लागतो. आणि तो काम करत नाही हे तुम्हाला कळवायचं, तर त्यालाही बऱ्याच अंशी तोच लागतो."

बाहेर आल्यावर बाकावर बसून मी नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं. दिसत नाही, ऐकू येत नाही, याची भीती मला कळते. माणूस चाचपडतो, काठी घेतो. पण आपल्याला सगळं दिसतंय अशी आपलीच खात्री आणि तीच खोटी, हे मी कुणाला सांगू? जिच्या भरवशावर मी आजवर प्रत्येक गोष्ट खरी मानली, तीच माझ्याशी खोटं बोलत होती. तेही अगदी माझ्याच आवाजात. आजारी होते तेव्हा मी एवढी घाबरले नव्हते. बरी व्हायला लागले आणि भीती वाढत गेली.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुष्कळ फरक पडला. लाल फिती एकेक करून निघाल्या. डाव्या हाताने कापड दाबून धरता येतं, बटण मात्र लावता येत नाही. क्लास पुन्हा सुरू केला. कटिंग आता ती समोरच्या मशीनवरची बाई करते, मी उभी राहून सांगते. कधी दमले की वर्तमानपत्रातली ओळ मधूनच सुरू होते आणि अर्थ लागत नाही. मग मी मान वळवते आणि उरलेले शब्द सापडतात. त्यांच्याही पलीकडे काही असेल का, या शंकेने पुन्हा वळवते. ही शंका जात नाही. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, असू दे, उपयोगी आहे.

संध्याकाळी आम्ही तलावाकडे फिरायला जातो. गाड्या कुठून येतात त्याचा मला अजून भरवसा वाटत नाही, म्हणून नवरा माझ्या डाव्या बाजूने चालतो. तो मुळात कमी बोलणारा. बराच वेळ आवाज आला नाही की मी विचारते.

"आहात ना?"

"हाय की," तो म्हणतो. "मान वळवून बघ."

मी वळवते.